फसवणुकीची बातमी आणि आपल्या पेपरची मालकी: नाशिकमधल्या छोट्या वृत्तपत्रांसाठी आणि पोर्टलसाठी सविस्तर मार्गदर्शन

ओझरहून आलेल्या मावशींनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले. एक ठेव पावती होती, प्लॅस्टिकमध्ये घडी न मोडता जपलेली. दुसरं आमच्याच साप्ताहिकाच्या दिवाळी पुरवणीतलं कात्रण होतं. पानभर जाहिरात, कोपऱ्यात समई, वर तोरण, खाली संचालकांचे फोटो. मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमच्या पेपरात आलं म्हणून आमच्या ह्यांनी पैसे टाकले." कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागून तेव्हा तीन महिने झाले होते. जाहिरातीचं बिल आमच्या फाईलला होतं. कंपनीबद्दल प्रश्न विचारणारी बातमी मात्र आम्ही एक ओळही छापलेली नव्हती.

त्या दिवसानंतर मी या विषयाचे कायदे नीट वाचायला घेतले. पत्रकारांच्या बैठकांत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. फसवणूक रोखण्याचे कायदे पत्रकारांवरच उलटवले जातात, ही एक. पत्रकारितेच्या नावाखाली वसुली चालते, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. माझं म्हणणं असं की, ज्याला दुसऱ्याला 'पैसा कुठून आला' हे विचारायचं आहे, त्याच्याकडे स्वतःच्या पैशाचं उत्तर कागदावर तयार हवं. ते असेल तर कायद्यातली संरक्षणं आपल्या उपयोगी पडतात. नसेल तर खरी बातमीसुद्धा अंगाशी येते.

पुढचं सगळं साप्ताहिक चालवणाऱ्यांसाठी, यूट्यूबवर बातम्या देणाऱ्यांसाठी आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीहून मानधनावर बातम्या पाठवणाऱ्या वार्ताहरांसाठी आहे.

आधी मालकीचा कागद

छापील नियतकालिकांसाठी १८६७ चा जुना कायदा आता गेला. त्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शीर्षक आणि नोंदणी या दोन्हींचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच जातो. जिल्हाधिकारी कार्यालयात घोषणापत्रासाठी मारायच्या चकरा त्यामुळे बऱ्याच वाचल्या. दहशतवादी किंवा बेकायदेशीर कृत्यात, अथवा राज्याच्या सुरक्षेविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला नियतकालिक काढता येत नाही, असं हा कायदा सांगतो. लोकांच्या ठेवी बुडवल्याबद्दल शिक्षा झालेल्याला मात्र तो अडवत नाही. म्हणजे ही गाळणी आपली आपल्यालाच लावावी लागते.

ती न लावल्याचे परिणाम महाराष्ट्रानं पाहिलेत. पुण्याच्या समृद्ध जीवन समूहाकडे 'मी मराठी' ही वाहिनी होती. २०१५ च्या अखेरीस गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून समूहाच्या प्रमुखाला अटक झाली. त्याआधी २०१३ मध्ये पश्चिम बंगालात शारदा समूह कोसळला, तेव्हा त्याच्याकडे वर्तमानपत्रं आणि वाहिन्या होत्या आणि तिथल्या पत्रकारांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. ठेवी गोळा करणाऱ्याला माध्यम का हवं असतं, हे वेगळं सांगायला नको. एजंटाच्या बॅगेत स्वतःच्या पेपरचा अंक असला की गावात दार लगेच उघडतं.

आपल्यासारख्या लहान पेपरकडे असा माणूस 'मालकी द्या' म्हणत येत नाही. तो छपाईची थकलेली उधारी भागवतो. कॅमेरा घेऊन देतो. कॉलेज रोडला ऑफिससाठी गाळा वापरायला देतो, भाडं 'नंतर बघू' म्हणतो. वर्षभरानं त्याच्याविरुद्ध तक्रारदार दारात उभे राहतात, तेव्हा आपला पेन उचलत नाही. इथे कायद्याची एक बाजू ध्यानात घ्या. राज्याचा ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा १९९९ चा कायदा, ज्याला आपण सगळे एमपीआयडी म्हणतो, त्याखाली केवळ कंपनीची मालमत्ता जप्त होते असं नाही. कंपनीकडून सद्भावनेनं आणि योग्य मोबदला देऊन न घेतलेली मालमत्ता ज्याच्याकडे गेली असेल, त्याच्या मालमत्तेपर्यंत न्यायालय पोहोचू शकतं. ठरलेल्या दरानं जाहिरात छापून पक्क्या बिलानं घेतलेले पैसे ही एक गोष्ट. फुकटात मिळालेला कॅमेरा आणि बिनभाड्याचा गाळा ही अगदी दुसरी. तिथे 'आमचं वृत्तपत्रस्वातंत्र्य' हा बचाव कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्याचा धंदा लोकांकडून आगाऊ पैसे घेण्याचा आहे, त्याच्याकडून भांडवल, कर्ज, जागा, गाडी यातलं काहीही घ्यायचं नाही. नात्यातला असला तरी नाही.

सरकारनं मालकीवर कडक मर्यादा घालाव्यात, असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यात एक मराठी निकाल आडवा येतो. मोठ्या वृत्तपत्रांच्या अवाढव्य पुरवण्यांपुढे लहान पत्रं टिकत नाहीत, म्हणून १९५६ मध्ये किंमत आणि पानसंख्येचा कायदा झाला. किती किमतीत किती पानं द्यायची, हे सरकार ठरवणार होतं. पुण्याचा 'सकाळ' त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये न्यायालयानं तो कायदा रद्द केला. हेतू मक्तेदारी रोखण्याचा असला, तरी त्यासाठी वृत्तपत्राचा खप आणि पानं आवळणं म्हणजे अभिव्यक्तीवरच घाला, असा निकालाचा गाभा होता. मला तो निकाल आजही योग्य वाटतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीबाबत शिफारशी केल्या, पण एकाच मालकाच्या हाती छापील, वाहिनी आणि डिजिटल किती असावं यावर सर्वंकष कायदा देशात झालेला नाही. तेव्हा वाचकाच्या हाती एकच साधन उरतं: मालक कोण आणि पैसा कोणाचा, हे त्याला कळणं.

त्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसानंतरच्या पहिल्या अंकात फॉर्म ४ छापायचा असे. त्यात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या प्रत्येकाचं नाव असायचं. बहुतेक जण तो शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात टाकून मोकळे व्हायचे. आता वार्षिक विवरण ऑनलाइन भरावं लागतं. ते वेळेवर भराच, पण अंकातही वर्षातून एकदा, वाचता येईल अशा टायपात, ही माहिती छापा. पोर्टल असेल तर 'आमच्याविषयी' या पानावर टाका. कोणाचं कर्ज आहे, सर्वांत मोठे तीन जाहिरातदार कोण, हेही लिहा. कायदा एवढं मागत नाही. मी छापायला लागलो तेव्हा दोन जाहिरातदार नाराज झाले. पण त्यानंतर एखाद्या संस्थेवर लिहिलं की 'तुमचा बोलविता धनी कोण?' हा प्रश्न यायचा थांबला.

पोर्टल आणि यूट्यूब वाहिनीची गोष्ट वेगळी आहे. २०२३ चा नोंदणी कायदा छापील नियतकालिकांचा आहे, त्यामुळे नुसत्या पोर्टलवर 'आरएनआय नोंदणीकृत' (म्हणजे सरकारच्या वृत्तपत्र निबंधकांकडे नोंदलेलं) असं मिरवणं हीच वाचकाची दिशाभूल. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यानुसार सुरुवात केल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपला तपशील कळवायचा असतो. ती नोंद आहे, परवाना नव्हे. याच नियमांतल्या नियम ९ च्या पोटनियम १ आणि ३ ला, म्हणजे आचारसंहिता पाळण्याच्या सक्तीला आणि त्रिस्तरीय तक्रार यंत्रणेला, मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. तरीही माझा सल्ला असा की तक्रार ऐकणाऱ्या एका माणसाचं नाव आणि ईमेल पोर्टलवर ठेवा, २४ तासांत पोच द्या, १५ दिवसांत उत्तर द्या. पुढे न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर हा पत्रव्यवहार फार कामी येतो.

परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल मात्र हयगय नको. छापील आणि डिजिटल बातम्यांच्या व्यवसायात थेट परकीय गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच आणि तीही सरकारी मंजुरीनं चालते. देणग्यांचं तर आणखी कडक आहे. परकीय योगदान नियमन कायद्यानुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा मालक, संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार यांना परकीय देणगी घेताच येत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या देणाऱ्या संस्थांनाही नाही. व्हिडिओखाली क्यूआर कोड टाकून 'सहकार्य करा' म्हणताना हे बघा. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणारा नाशिककर स्वतःच्या बचतीतून पैसे पाठवतो तेव्हा ती परकीय देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला शाळेतला मित्र पाठवतो तेव्हा ठरते. पैसा परत कसा करायचा, हे सीएला विचारूनच करा.

जाहिरात: जिथे बहुतेकांचा पाय घसरतो

गुंतवणुकीची जाहिरात छापणं हा कायद्याच्या नजरेत निरागस व्यवहार नाही. बक्षीस चिट आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा अशा योजनेचा प्रसार करणाऱ्यालाही शिक्षा सांगतो आणि तसा मजकूर असलेल्या वृत्तपत्राच्या प्रती सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य सरकारला देतो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा थोडा वेगळ्या वाटेनं जातो. अशा योजनेची भलामण करणारा मजकूर किंवा जाहिरात छापून आली, तर त्याच जागी, तशाच रीतीनं, विनामूल्य संपूर्ण खुलासा छापायला सरकार सांगू शकतं. पानभर जाहिरात असेल तर खुलासाही पानभर. वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि फसवणूक प्रतिबंध यांचा तोल साधायची ही रीत मला पटते, कारण तिच्यात पेपर बंद पाडायचा नसून वाचकाला त्याच पानावर खरं सांगायचं असतं. सरकारनं सांगेपर्यंत थांबू नका. आम्ही त्या दिवाळी पुरवणीचा खुलासा अकरा महिन्यांनी छापला, तोही मावशी आल्या म्हणून. तो पहिल्याच तक्रारीला छापायला हवा होता.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सुद्धा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रकाशकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतो. नेहमीच्या व्यवहारात जाहिरात आली म्हणून छापली, हा बचाव त्यात आहे. पण तो टिकवायला 'नेहमीचा व्यवहार' दाखवणारे कागद हवेत.

ते कागद असे. गुंतवणूक, ठेव, प्लॉट बुकिंग, भिशी, 'सोनं आज बुक करा' अशा कुठल्याही जाहिरातीसोबत रिलीज ऑर्डर (जाहिरात छापण्याची लेखी मागणी), पॅन, जीएसटी क्रमांक आणि नियामकाच्या परवान्याची प्रत घ्या. नियामक कोण, हा पहिला प्रश्न विचारा. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर रिझर्व्ह बँक, शेअर आणि म्युच्युअल फंड असेल तर सेबी, विमा असेल तर इर्डा, पतसंस्था असेल तर सहकार खातं, चिट फंड असेल तर चिट फंडांचे निबंधक. समोरच्याला यातलं एकही नाव सांगता आलं नाही तर जाहिरात परत करा. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे का, ते पाच मिनिटांत दिसतं. पतसंस्थेनं ठेवी सभासदांकडून घ्यायच्या असतात. तिची जाहिरात 'सर्वांसाठी खुली' म्हणत असेल तर तिथेच थांबा. पैसे बँकेतूनच घ्या.

'दामदुप्पट' हा शब्द जाहिरातीत दिसला की मला वाईट वाटतं. दामदुपट हा आपल्याकडचा जुना नियम कर्जदाराच्या बाजूचा होता: सावकारानं व्याज कितीही चढवलं तरी एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचं नाही. सावकाराला वेसण घालणारा शब्द आता गरिबाला गळाला लावायला वापरतात. आमच्या जाहिरात विभागाला सूचना आहे, हा शब्द असलेला मजकूर घ्यायचा नाही.

पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्या टायपात, बातमीच्या चौकटीत येता कामा नये. वर 'जाहिरात' हा शब्द हवा, शीर्षकाइतकाच ठळक. कंपनीत आपले शेअर असतील किंवा जाहिरातीच्या बदल्यात शेअर घेतले असतील, तर त्या कंपनीवरच्या प्रत्येक बातमीत तसं लिहायला हवं. माध्यमांनी असे करार जाहीर करावेत, ही अपेक्षा सेबीनं २०१० मध्येच मांडली आहे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. बातमीसाठी जाणाऱ्यानं जाहिरात मागायची नाही. तालुक्याच्या वार्ताहराला आपण पगार देत नाही, जाहिरातीवर कमिशन देतो, आणि त्याच माणसाला पतसंस्थेची भानगड शोधायला पाठवतो. तो अध्यक्षांना व्हॉट्सअॅपवर लिहितो, "साहेब, बातमी तयार आहे, आपली बाजू सांगा. आणि वर्धापनदिनाच्या जाहिरातीचंही बघा." दोन वाक्यं, एकच संदेश. त्याच्या मनात काही नसेलही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीची तक्रार लिहायला एवढा एक स्क्रीनशॉट पुरतो, आणि मग ठेवीदारांची खरी बातमी बाजूला पडून चर्चा वार्ताहराच्या अटकेची होते. अशी तक्रार खोटी ठरवायला वर्षं जातात. दोन कामांना दोन माणसं लावणं परवडत नसेल, तर ज्या संस्थेची चौकशी सुरू आहे तिची जाहिरात त्या वर्षी घेऊ नका, आणि तसं तिला लेखी कळवून टाका.

बातमीची जुळवाजुळव

ठेवीदार आला की त्याची मूळ पावती ठेवून घेऊ नका. पुढून-मागून फोटो काढा आणि कागद लगेच परत द्या. पावती नीट वाचा. फसवणारे 'ठेव' हा शब्द टाळतात. 'प्लॉटसाठी आगाऊ', 'हातउसने', 'सल्ला शुल्क', 'सदस्यता' असं लिहितात. बातमीदार त्यानंच गोंधळतो. एमपीआयडी आणि २०१९ चा कायदा या दोन्हींत ठेवीची व्याख्या बरीच रुंद आहे. परत करायच्या बोलीवर घेतलेली रक्कम, मग पावतीवर तिला काहीही नाव असो, या व्याख्येत येऊ शकते. तेव्हा पावतीवरच्या शब्दापेक्षा परत काय आणि कधी द्यायचं कबूल केलं होतं, ते शोधा. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला, एजंटाच्या हातानं लिहिलेल्या हिशेबात, ते बहुधा सापडतं.

उलट चूकही होते. द्राक्षांच्या हंगामात व्यापारी माल उचलतो, पुढच्या तारखेचे धनादेश देतो आणि गाशा गुंडाळतो. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. पण तो ठेवीचा व्यवहार नव्हे, मालविक्रीचा आहे. त्याला 'एमपीआयडीखाली कारवाई होणार' असं छापून आपण शेतकऱ्याला भलत्या दारात उभं करतो. तिथे न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागू पडतं, आणि धनादेश परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला नोटीस गेली पाहिजे. ती मुदत हुकली तर ती वाट फार अवघड होते. बातमीच्या चौकटीत एवढं छापलं तरी शेतकऱ्याचं काम होतं.

गुन्हा दाखल झाला असेल तर हद्द बघा. नाशिक शहर आयुक्तालयाची आर्थिक गुन्हे शाखा वेगळी, ग्रामीणची वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. कंपनीचे संचालक कोण, कधी बदलले, मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतं. संचालक मंडळ कोसळण्याआधी दोन-तीन महिन्यांत बदललेलं दिसलं तर ती बातमीच असते. माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा. तपासाला बाधा येईल म्हणून काही नाकारलं, तर बाधा नेमकी कशी येईल हे अपिलात विचारा. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातलं व्यक्तिगत माहितीबाबतचं कलम ८ (१)(ञ) वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे बदललं आहे आणि अधिकारी आता त्यावर बोट ठेवतात. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, असं सांगणारं कलम ८ (२) मात्र शाबूत आहे. अर्जातच त्याचा उल्लेख करा.

छापायचं कधी, याचं माझं उत्तर असं: वेगवेगळ्या गावांतल्या किमान तीन ठेवीदारांच्या पावत्या, मुदत संपूनही पैसे न मिळाल्याचा लेखी पुरावा आणि संस्थेची परवान्याची स्थिती, हे तिन्ही हाती आल्यावर. एखाद्या चांगल्या पतसंस्थेबद्दल अर्धवट बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग लागते, आणि त्या रांगेनंच ती बसू शकते. इथे घाईनं केलेलं नुकसान खुलाशानं भरून निघत नाही.

समोरच्याची बाजू आणि शब्दांची निवड

प्रश्न लेखी पाठवा. ईमेल करा, संस्थेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टही टाका. निदान ४८ तास द्या. उत्तर आलं तर त्याचा गाभा बातमीत वरच घ्या, शेवटच्या परिच्छेदात ढकलू नका.

बदनामीचा गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. नुसतं खरं असणं फौजदारी खटल्यात पुरत नाही. ते छापण्यात लोकहित होतं, हेही दाखवावं लागतं. म्हणून 'भामटा', 'लुटारू', 'महाठग' हे शब्द शीर्षकात नकोत. 'मुदत संपूनही ठेवी परत न केल्याची ४२ जणांची तक्रार' हे शीर्षक न्यायालयात उभं राहतं, आणि वाचकालाही जास्त सांगतं. सार्वजनिक दस्तऐवजावर आधारलेलं लिखाण करता येतं, असं राजगोपाल खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. एफआयआर, जप्तीची अधिसूचना, लेखापरीक्षण अहवाल यांचा क्रमांक आणि तारीख बातमीतच द्या. खटला चालण्याआधीच लेखावर मनाई मिळवायची धडपड होते, तेव्हा वकिलाला मार्च २०२४ मधला ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा निकाल दाखवा. अशी मनाई अपवादानंच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात बजावलं आहे.

पोलिसांची नोटीस आली तर

घाबरू नका आणि हुज्जतही घालू नका. नोटीस कोणत्या कलमाची आहे ते पाहा. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ९४ म्हणजे कागद किंवा उपकरण हजर करा. कलम १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून या. कलम ३५ (३) म्हणजे तुमच्यावरच संशय आहे, तेव्हा वकिलाशिवाय जाऊ नका. नोटीस पाळली तर कारण नोंदवल्याखेरीज अटक करता येत नाही, म्हणून दिलेली तारीख चुकवू नका. साक्षीदार म्हणून बोलावलेली व्यक्ती महिला असेल किंवा साठीपुढची असेल, तर तिला घराखेरीज इतरत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही. आमच्या ज्येष्ठ संपादकांना हे ठाऊक नव्हतं. ते ऐन मे महिन्यात तीन वेळा ठाण्याच्या बाकावर बसून आले.

मूळ फाईल न देता प्रत द्यायची तयारी दाखवा आणि डिजिटल पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) तयार ठेवा. फोन किंवा लॅपटॉप घेतलाच, तर पंचनाम्याची प्रत मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, त्याची नोंद पंचनाम्यात आहे का, ते सही करण्याआधी वाचा. पत्रकारांची उपकरणं जप्त करणं ही गंभीर बाब असून त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये म्हटलं आहे.

माहिती देणाऱ्याचं नाव उघड करायची सक्ती प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था, करू शकत नाही, हे १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात स्पष्ट आहे. पण हे संरक्षण कौन्सिलपुरतं आहे. न्यायालयात पत्रकाराला असा वेगळा विशेषाधिकार नाही. तेव्हा संस्थेतला कारकून जीव मुठीत धरून कागद आणून देतो, त्याला 'तुमचं नाव कधीच येणार नाही' असा शब्द देण्याआधी दहा वेळा विचार करा. त्याचं नाव फोनमध्ये जपून ठेवू नका. तो ज्या वाटेनं कागद देतोय त्याऐवजी तीच माहिती सार्वजनिक कागदातून मिळते का, ते आधी बघा. निम्म्या वेळा मिळते.

नाशिकला कायद्याच्या या दुधारीपणाची आठवण जुनी आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि फेब्रुवारी १९१० मध्ये प्रेस कायदा आला. त्यानं छापखान्यांकडून जामीन रकमा मागायला सुरुवात केली. कारण हिंसा रोखण्याचं सांगितलं, आणि भुर्दंड बसला तो छापणाऱ्यांना.

यूट्यूबवर आणखी एक युक्ती चालते. कंपनीच्या प्रचार व्हिडिओतला तुकडा तुम्ही बातमीत वापरला की ती कॉपीराइटची तक्रार ठोकते. अशा तीन तक्रारी यूट्यूबनं मान्य केल्या, म्हणजे तीन स्ट्राइक झाल्या, की वाहिनी जाते. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी न्याय्य वापर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, त्यावर प्रतिदावा करा. तुकडा मोजक्या सेकंदांचा ठेवा, आणि सगळ्या व्हिडिओंची प्रत घरच्या हार्ड डिस्कवर असू द्या.

मारहाण झाली, कॅमेरा फोडला, तर महाराष्ट्राचा माध्यमकर्मींच्या संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. तक्रारीत त्या कायद्याचं नाव स्वतः लिहा. आणि मानधनावरच्या वार्ताहराला नेमणूकपत्र द्या. त्या कागदाशिवाय तो 'माध्यमकर्मी' असल्याचं सिद्ध करताना त्याची दमछाक होते.

गुन्हा दाखल झाल्यावर

बहुतेक पेपर इथे थांबतात. अटकेचा फोटो आला की बातमी संपते, आणि ठेवीदाराचं खरं काम तिथून सुरू होतं. एमपीआयडीखाली सरकार मालमत्ता जप्तीची अधिसूचना काढतं, जप्त मालमत्ता ताब्यात घेणारा सक्षम प्राधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालय जप्ती कायम करतं, मग विक्री आणि वाटप. २०१४ चं केबीसी मल्टिट्रेड आणि २०१६ चं मैत्रेय ही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीची दोन प्रकरणं ज्यांनी या शहरात पाहिली, त्यांना ही वाट किती लांब असते ते ठाऊक आहे. मैत्रेयमध्ये पैसे परत देण्यासाठी न्यायालयाच्या देखरेखीखाली एस्क्रो खातं (ठरलेल्या कामासाठीच पैसे राखून ठेवणारं खातं) उघडलं गेलं, आणि त्याची बातमी वाचूनच अनेकांना आपला अर्ज कुठे द्यायचा हे समजलं.

म्हणून प्रत्येक प्रकरणासाठी एक वही करा. गुन्हा क्रमांक, तपास अधिकारी, सक्षम प्राधिकारी कोण, पुढची तारीख, दावा दाखल करायची मुदत. प्राधिकाऱ्याची सूचना निघाली की ती जशीच्या तशी पहिल्या पानावर छापा, खाली सोप्या मराठीत कोणते कागद जोडायचे ते लिहा: पावतीची प्रत, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, ठेवीदार हयात नसेल तर वारसाचा पुरावा. ओझरच्या मावशींचा अर्ज या शेवटच्या ओळीवरच अडला होता, कारण पावती यजमानांच्या नावावर होती आणि निकाल येईपर्यंत ते राहिले नव्हते. पुढच्या अंकात आम्ही वारस दाखल्याचा अर्ज कुठे आणि कसा करायचा यावर अर्धं पान दिलं. त्या आठवड्यात ऑफिसात सतराजण तोच प्रश्न घेऊन आले.